खिडकीतला समुद्र खरा की कॉम्प्युटरवरचा?

रत्नागिरीत घरांचे आणि फ्लॅटचे फोटो काढणं हा माझा व्यवसाय. आधी लग्नं-मुंजी करायचे, आता बिल्डर, एजंट आणि घर विकायला काढलेले मालक जास्त बोलावतात. फोटो काढून झाले की हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं, "मॅडम, जरा फर्निचर टाकून द्या ना."

टाकायचं ते कॉम्प्युटरवर. रिकाम्या खोलीच्या फोटोत सोफा, पडदे, गालिचा, कोपऱ्यात कुंडी. पूर्वी एका फोटोला अर्धा दिवस जायचा, आता एआयच्या मदतीने चहा निवायच्या आत काम होतं. याला व्हर्च्युअल स्टेजिंग म्हणतात. मी साधं 'सजवलेला फोटो' म्हणते. असा फोटो जाहिरातीत वापरला तर ते कुठे आणि कोणत्या शब्दांत सांगायला हवं, आणि लपवलं तर कायदा काय म्हणतो, ते इथे लिहिते आहे.

सजवण्याला माझा विरोध नाही. रिकामी खोली फोटोत असते त्याहून लहान आणि भकास दिसते. डोंबिवलीत किंवा विरारला बसून गावाकडे घर शोधणाऱ्या माणसाला पलंग कुठे बसेल, देव्हाऱ्याला कोपरा मिळेल का, हे नुसत्या चार भिंती बघून कळत नाही. तिथे चांगला सजवलेला फोटो खरोखर उपयोगी पडतो.

पण मी एक प्रसंग जवळून पाहिला आणि तेव्हापासून या कामाकडे बघण्याची माझी नजर बदलली. शहराबाहेरच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचे फोटो मी काढून दिले होते. एजंटने ते पुढे कुणाकडून तरी सजवून घेतले. महिन्याभराने मी त्याच मजल्यावरच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये काम करत होते. रात्रीच्या गाडीने मुंबईहून एक जोडपं आलं, निवृत्तीला आलेलं. टोकनचे पैसे आधीच ऑनलाइन दिलेले. त्यांना दार उघडून दिलं तर काकू हॉल न बघता थेट बेडरूमच्या खिडकीशी गेल्या. बाहेर शेजारच्या इमारतीची काळी पाण्याची टाकी आणि चिऱ्यांच्या ढिगावर टाकलेली ताडपत्री. त्यांनी मोबाइल काढला, जाहिरातीतला फोटो खिडकीच्या उंचीला धरला, एकदा फोटोत बघितलं, एकदा बाहेर. फोटोतल्या खिडकीत निळाशार समुद्र होता. "अहो, समुद्र कुठाय?" एवढंच म्हणाल्या. ती खिडकी, तो फोटो माझ्याच कॅमेऱ्यातला होता. समुद्र माझा नव्हता, तरी मला त्यांच्याकडे बघवेना.

म्हणून पहिली गोष्ट ही समजून घ्यायला हवी, की फोटोत केलेले सगळे बदल एका मापाचे नसतात.

सोफा, पडदे, कुंडी या हलवता येणाऱ्या वस्तू. त्या फोटोत टाकल्या आणि टाकल्या आहेत असं सांगितलं, तर कुणाचं नुकसान होत नाही. दुसरा प्रकार पुसण्याचा. भिंतीवरची ओल, छताची भेग, गंजलेली ग्रिल, गच्चीवरून लोंबणाऱ्या वायरी एका क्लिकवर गायब होतात. तिसरा प्रकार विकणाऱ्याच्या हातात मुळीच नसलेल्या गोष्टी बदलण्याचा, म्हणजे खिडकीतला देखावा, समोरचा रस्ता, शेजारची इमारत, विजेचा खांब. पहिल्या प्रकाराला सूचना पुरते. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला माझ्या मते कुठलीही सूचना पुरत नाही, ते करूच नये. घर घेणारा सोफ्याचे पैसे देत नाही. तो भिंतीचे आणि खिडकीचे देतो.

पहिल्या प्रकारातही एक खोच आहे, मापाची. समजा बेडरूम दहा फूट लांब आणि नऊ फूट रुंद आहे. डबल बेड साधारण सहा फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब. दहा फुटी भिंतीला उशाकडची बाजू लावली तर पायथ्याशी अडीच फूट उरतात. कपाटाची खोली दोन फूट. म्हणजे पायथ्याशी कपाट ठेवलं तर मधे अर्धा फूट राहिला, कपाटाचं दारसुद्धा उघडणार नाही. पण सजवलेल्या फोटोत त्याच खोलीत पलंग, कपाट, दोन बाजूंना टेबलं आणि वर वाचायला खुर्ची आरामात बसलेली दिसते. सॉफ्टवेअर पलंग बारीक करून टाकतं, आणि बघणाऱ्याला पलंग लहान वाटत नाही, खोली मोठी वाटते. म्हणून मी फर्निचर टाकते तेव्हा खऱ्या मापाचंच टाकते आणि खोलीची आतली मापं फोटोवर लिहिते. छोटी खोली बारा बाय चौदाची वाटावी अशी रुंद लेन्स वापरली असेल तरी मापं लिहिली की फसगत टळते.

आता कायदा.

रेरा, म्हणजे २०१६ चा स्थावर संपदा कायदा. त्यात 'व्हर्च्युअल स्टेजिंग' हा शब्द कुठेही नाही. म्हणून काही एजंट सांगतात, "याला नियमच नाही." ते बरोबर नाही. कायद्यातली जाहिरातीची व्याख्या खूप रुंद आहे. कुठल्याही माध्यमातून, कुठल्याही स्वरूपात प्रकल्पाची माहिती देणारी प्रसिद्धी ही जाहिरातच. वर्तमानपत्रातलं पान, नाक्यावरचा फलक, व्हॉट्सअॅपवर फिरणारा फोटो, इन्स्टावरची रील, सगळं त्यात येतं.

त्यातलं कलम १२ प्रत्येक घर घेणाऱ्याने वाचून ठेवावं असं आहे. जाहिरातीतल्या, माहितीपत्रकातल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या माहितीवर विसंबून तुम्ही पैसे भरले आणि ती माहिती खोटी किंवा चुकीची असल्यामुळे तुमचं नुकसान झालं, तर बिल्डरने भरपाई द्यायची. व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर भरलेली सगळी रक्कम व्याजासह आणि भरपाईसह परत मिळण्याचा हक्क याच कलमात आहे. बिल्डरसाठी दंडाची बाजूही हलकी नाही. कायद्यातल्या तरतुदी मोडल्या तर प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि गैरव्यवहार सिद्ध झाला तर प्रकल्पाची नोंदणीच रद्द होऊ शकते. एजंटनाही हाच कायदा लागू आहे. तोंडी, लेखी किंवा 'दृश्य स्वरूपात' खोटं चित्र उभं करणं त्यांनाही मना आहे. सजवलेल्या फोटोच्या संदर्भात 'दृश्य स्वरूपात' हे दोन शब्द मोलाचे आहेत.

५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा आणि आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प नोंदवल्याशिवाय त्याची जाहिरातच करता येत नाही. प्लॉट पाडून विकणंही यात येतं. जाहिरातीवर नोंदणी क्रमांक आणि महारेराच्या, म्हणजे राज्यातल्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळाचा पत्ता ठळक हवा. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात क्यूआर कोडही सक्तीचा आहे आणि तो नसेल तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. हा कोड शोभेचा नाही. तो स्कॅन केला की महारेराच्या पानावर प्रकल्पाचे मंजूर नकाशे आणि चटईक्षेत्र दिसतं. फोटोतली खिडकी नकाशात कुठल्या दिशेला आहे ते तिथे कळतं.

दिशेवरून आपल्या किनाऱ्यावरचा एक साधा पडताळा सांगते. कोकणात समुद्र पश्चिमेला. नकाशावर उत्तरेचा बाण असतो. बेडरूमची खिडकी पूर्वेला असेल आणि फोटोत त्या खिडकीतून पाण्यावर मावळणारा सूर्य दिसत असेल, तर तो सूर्य कॉम्प्युटरवरचा आहे. पूर्वेच्या खिडकीत फार तर खाडी दिसेल, नाहीतर डोंगर आणि आंब्याची कलमं. सावल्याही बघा. खिडकीतून आलेला उजेड फरशीवर एका बाजूला आणि सोफ्याची सावली भलतीकडेच, असं बऱ्याचदा असतं. आरशात किंवा चकचकीत फरशीत सोफ्याचं प्रतिबिंब नसेल तर सोफा तिथे नव्हता.

रेराच्या जोडीला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या करताना 'महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणं' हेही धरलेलं आहे. म्हणजे ओल पुसणं थेट यात बसतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अशा जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करण्याचे अधिकार आहेत.

आणि आता सूचनेचा मुद्दा, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. जाहिरातीखाली बारीक अक्षरांत 'चित्र प्रातिनिधिक' असं लिहिलं की आपण मोकळे, असा समज सगळीकडे आहे. जून २०२२ मध्ये याच कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात सूचनेचे नियम स्पष्ट आहेत. सूचना दाव्याचा खुलासा करू शकते, दाव्याच्या उलट जाऊ शकत नाही. महत्त्वाची माहिती सूचनेआड लपवता येत नाही. खोटा दावा सूचनेने दुरुस्त करता येत नाही. सूचना दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फॉन्टमध्ये हवी, ठळक आणि वाचता येईल अशी हवी. दावा आवाजात केला असेल तर सूचना त्या आवाजाच्या बरोबरीने यायला हवी. म्हणजे रीलमध्ये "खिडकीतून समुद्र" असं बोलायचं आणि खाली अर्धा सेकंद इंग्रजी ओळ सरकवायची, हे चालणार नाही. आणि फोटोत समुद्र दाखवून खाली 'देखावा काल्पनिक' असं लिहिलं, तर ती सूचना फोटोतला दावाच खोटा ठरवते आहे.

सजवलेल्या फोटोंचं नाव घेऊन केलेला कायदा कसा दिसतो हे बघायचं तर अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याकडे बघता येईल. तिथे १ जानेवारी २०२६ पासून असा नियम लागू आहे. एजंटने घराच्या जाहिरातीत डिजिटल बदल केलेला फोटो वापरला, तर तो बदललेला आहे असं फोटोवर किंवा फोटोला लागून स्पष्ट दिसेल असं सांगायचं, आणि मूळ, न बदललेला फोटो बघता येईल अशी लिंक किंवा क्यूआर कोड द्यायचा. बदल कशाला म्हणायचं याची यादीच दिलेली आहे. फर्निचर, फरशी, भिंती, रंग, बाग, नकाशा, इतकंच नव्हे तर विजेचे खांब, शेजारची घरं आणि खिडकीतून दिसणारा देखावाही. उजेड कमीजास्त करणं, फोटो सरळ करणं, रंग नीट करणं, कडा कापणं हे बदल मात्र सोडले आहेत, कारण त्यांनी घर बदलत नाही.

तो कायदा आपल्याकडे लागू नाही. पण मला त्यातलं मूळ फोटो जोडण्याचं कलम फार पटलं. 'फोटो सजवलेला आहे' एवढं वाचून माणसाला नेमकं काय सजवलंय ते कळत नाही. शेजारी मूळ फोटो असला की कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

आता कोकणातल्या जुन्या घरांकडे येते, कारण इथे रेराचा हात फारसा पोचत नाही. एखाद्या मालकाने आपलं कौलारू घर आणि भोवतीचं आगर विकायला काढलं तर तो बिल्डर नसतो आणि त्याचं घर हा प्रकल्प नसतो. मग फोटोत काहीही केलं तरी चालतं का? नाही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ५५. घरात मोठा दोष आहे, तो विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधी काळजी घेऊनही त्याला तो दिसला नसता, तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. शिवाय १८७२ च्या करार कायद्यानुसार फसवणुकीने किंवा चुकीचं चित्र उभं करून मिळवलेली संमती असेल तर घेणारा करार रद्द ठरवून मागू शकतो. पण त्याच कायद्यात घेणाऱ्यालाही एक टाचणी आहे. खरी गोष्ट साध्या चौकशीने कळली असती आणि तुम्ही ती केलीच नाही, तर पुष्कळदा हा हक्क हातचा जाऊ शकतो. फोटो बघून, घर न बघता पैसे पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि इथे दोष म्हणजे काय, तर बहुतेक वेळा पाणी. चार महिने झड खाणारी भिंत चिऱ्याची असली की ओल शोषते. एप्रिलमध्ये रंग मारला की भिंत गोरीपान, जुलैत पोपडे. फोटो बहुतेक एप्रिल-मेमध्येच निघतात. गुहागरकडच्या एका घराचे फोटो काढताना मालक काका माझ्यामागे उभे होते. माजघराच्या वायव्य कोपऱ्यात वरून खाली उतरलेला डाग होता, हातभर रुंद, कडेला चहाच्या रंगाची रेघ. "तेवढा डाग काढ गो, पाहुण्यांसमोर कोण फाटकं धोतर नेसतो?" मी म्हटलं, काका, डाग काढला तर पावसाळ्यात तो घेणाऱ्यासमोर परत येईल, आणि तेव्हा माझा फोटो पुरावा म्हणून त्यांच्या हातात असेल. बरंच बोलणं झाल्यावर कळलं की वरची पन्हळ फुटली होती आणि ती दिवाळीआधीच बदलली होती. मग फोटोत डाग तसाच ठेवला आणि खाली लिहिलं, 'जुनी गळती, पन्हळ ऑक्टोबरमध्ये बदलली आहे, रंगकाम बाकी.' आठ शब्दांचं काम होतं.

प्लॉटच्या जाहिरातींचा प्रकार याहून गंभीर आहे. तिथे फोटो सजवत नाहीत, अख्खं चित्रच रचतात. कातळावर हिरवळ, पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, जागी तीस फुटी रस्ता, वाळूला लागून बंगला. असं चित्र बघताना आधी सातबारा बघा, जमीन शेतीची की बिनशेती ते बघा, कारण महाराष्ट्रात शेतजमीन सहसा शेतकऱ्यालाच घेता येते. आणि किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे समुद्रालगत बांधकामाला बंधनं असलेला पट्टा, बघा. २०१९ च्या अधिसूचनेनुसार कमी दाटीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीच्या उच्चतम रेषेपासून २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र आहे. लाटांना पाय लावून उभा असलेला नवा बंगला चित्रात दिसत असेल तर तो बांधायची परवानगी कुठली, एवढं एकच विचारा आणि उत्तर कागदावर मागा.

मी स्वतः काय करते ते सांगते. सूचना फोटोच्या आत, चित्रावरच लिहिते. खाली कॅप्शनमध्ये लिहिलेली ओळ व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवताना गळून पडते, आणि कोकणातल्या घरांच्या जाहिराती निम्म्याहून जास्त अशाच फिरतात, माझ्या पाहण्यात तरी. अगदी कडेलाही लिहीत नाही, कारण काही अॅप कडा कापतात. जाहिरात मराठीत असेल तर सूचना मराठीत. आणि 'प्रातिनिधिक', 'प्रतीकात्मक' असले शब्द टाळते. कुणाला त्यातून काय कळणार? त्याऐवजी, 'सोफा, पडदे आणि दिवे कॉम्प्युटरवर टाकले आहेत. खोली रिकामी मिळेल. आतलं माप १० फूट बाय ९ फूट. मूळ फोटो पुढे.' आणि पुढचाच फोटो त्याच जागेवरून काढलेला, रिकाम्या खोलीचा. दोन्ही फोटो एकाच फाइलमध्ये शेजारी शेजारी जोडले तर आणखी बरं, म्हणजे कुणी एकच पाठवू शकत नाही.

मूळ फाइल तारखेसकट जपून ठेवते आणि बिलावर एक ओळ असते, की सजवलेला फोटो सूचना काढून वापरायचा नाही. त्या समुद्राच्या प्रसंगानंतर ती ओळ आली. एक-दोन गिऱ्हाइकं त्यापायी गेली, ती जाऊ दिली.

घेणाऱ्यांनी एक करावं. जाहिरात आवडली की लगेच तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, तारीख दिसेल असा, कारण कलम १२ खाली दाद मागताना तोच पहिला कागद लागतो आणि जाहिराती रातोरात बदलतात. मग एजंटला विचारावं, "यात कॉम्प्युटरवर काय काय टाकलंय, काय काढलंय?" उत्तर फोनवर नको, लेखी मेसेजमध्ये हवं. शक्य असेल तर खोलीच्या दारापासून खिडकीपर्यंत न थांबता चालत काढलेला व्हिडिओ मागावा, आणि खिडकीशी पोचल्यावर ती उघडून कॅमेरा बाहेर धरायला सांगावा. टोकन त्यानंतर. नोंदणी असलेल्या प्रकल्पात लेखी, नोंदवलेल्या कराराआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही, हेही ठाऊक असू द्या.

फसगत झालीच तर प्रकल्पाबाबत महारेराच्या संकेतस्थळावर ऑनलाइन तक्रार करता येते. जाहिरातीबाबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. जुन्या घराच्या खासगी व्यवहारात मात्र वकील गाठावा लागतो, आणि तिथे तो स्क्रीनशॉट, तो लेखी मेसेज आणि खिडकीचा तो व्हिडिओ बरोबर न्यायचा.